तालमीत गेलेलं लायसन्स

८ फेब्रुवारी २०२६, रविवार. चेन्नई.

आणि वर विनीत मलाच विचारतो, तुझ्या राउटरात पाल शिरलीच कशी? म्हणजे मी इथे चेन्नईत बसून खालच्या वाडीतल्या पाली हाकायच्या. गेल्या गणपतीत नेट रांगत होतं, तेव्हाही मीच. डोंगरमाथ्यावर, सड्यावरच्या खांबाला माकड लोंबकळलं आणि अँटेना फिरली, तेव्हाही मीच. माकड काय मी पाठवलं होतं? सख्ख्या चुलत्याचा मुलगा, एका ताटात जेवलेला, आणि बोलणं हे असं.

झालं ते लिहून ठेवतो. पाल पॉवर सप्लायमध्ये शिरली, चिकटली, मेली, आणि जाताना कॉम्प्युटर घेऊन गेली. वाडीचं नेट बंद. वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, खबदाडात, मोबाइलला रेंज नाही. आईने सड्यावर चढून धापा टाकत फोन केला. म्हणाली, अंगणात बसून तुझ्याशी बोलायची सवय लावलीस मेल्या, आता गुडघे कुणाचे आणू?

वाडीत नेट मी आणलं. वर सड्यावर अँटेना, खाली आमच्या पडवीत कॉम्प्युटर, त्यात राउटरचं सॉफ्टवेअर, तिथून घराघरात वायर. सॉफ्टवेअरचं लायसन्स माझ्या ईमेलवर, माझ्या पासवर्डने. वायफायचं नावसुद्धा 'सागर किंग'. हे सगळे विसरतात.

ठराव: शिमग्याची पालखी निघायच्या आत नेट चालू. मी स्वतः करणार. पाच मिनिटांचं काम.

१० फेब्रुवारी

विनीतने खेडच्या बाजारातून जुना पण चालू कॉम्प्युटर आणला. मला न विचारता. खेडहून फोटो पाठवला. मिठाईच्या पुड्याएवढा डबा आहे. दर्शनाने त्यात राउटरचं सॉफ्टवेअर टाकलंसुद्धा. माझी धाकटी बहीण, खेडला कॉलेजात सेकंड इयर, त्यामुळे डोक्यात हवा. पण लायसन्स नाही म्हणून नेट मुंगीच्या पावलाने चालतंय. मेसेज जातो, फोटो निम्मा येतो, व्हिडिओ नाहीच. अडलं ना माझ्यापाशीच!

भिकाजी आबांचा फोन. आबा वाडीचे गावकर, पालखीचा सगळा कारभार त्यांच्या हातात. विचारत होते, डबा आला तर आता खोळंबा कसला? समजावून सांगितलं. राउटर म्हणजे पाटाच्या तोंडाशी बसलेला माणूस, कुणाच्या मळ्यात किती पाणी सोडायचं ते तो बघतो. लायसन्स म्हणजे त्याला तिथे बसायचा हक्क. आपला राउटर कॉम्प्युटरच्या पोटातल्या कॉम्प्युटरमध्ये चालतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आबा म्हणाले, गाभण हाय म्हण की. म्हटलं, तसंच समजा. तर हक्क त्या पोटातल्या मशीनला चिकटलेला. तो तिथून उचलून नव्या मशीनवर ठेवायचा.

आबा म्हणाले, म्हंजे मानच की रे. आणि तुमच्या घरच्या मानाचं काय? दोन शिमगे पालखी तुझ्याबिगर उठली.

इथे मला लागलं. पालखीचा पहिला खांदा आमच्या घराचा. बाबा गेल्यावर तो माझ्यावर आला, एक वर्ष मी लावला. मग दोन वर्षं सुट्टी मिळाली नाही. एकदा मिळाली होती, पण झोप लागली आणि गाडी चुकली. तेही सुट्टी न मिळण्यातच धरायचं.

आबांना शब्द दिला: या शिमग्याला येणार, खांदा लावणार, नेटही चालू करणार. आणि पालखीच्या नव्या गोंड्यांना अकरा हजार एक माझ्याकडून. आबांचा फोन कट झाला. रेंज गेली असणार.

१२ फेब्रुवारी

दर्शनाचा मेसेज, दादा, वेबसाइटवर लॉगिन करायचं, ट्रान्सफरचं बटन दाबायचं, झालं. तुला वेळ नसेल तर पासवर्ड दे, मी करते.

पासवर्ड! कळवलं, पासवर्ड कुणाला म्हणजे कुणालाच द्यायचा नसतो, आईलासुद्धा. पहिला नियम. मी डेटा सेंटरमध्ये काम करतो. केबल ओढतो, टोकाला लेबल लावतो. नववीत शाळा सोडली म्हणून काय झालं, इथले इंजिनियर माझ्या लेबलांवरच चालतात.

तिला काय माहीत, ट्रान्सफर एकदाच होतं. सॉफ्टवेअरची कंपनी परदेशातली, तिचा नियमच आहे. एक लायसन्स, एक ट्रान्सफर. अशी गोष्ट उठून सरळ करायची नसते. आधी तालीम. बाबा नमनाच्या खेळात मृदंग वाजवायचे. महिनाभर तालीम झाल्याशिवाय मंडळ मांडावर, म्हणजे वाडीच्या खेळाच्या जागेवर, उभं राहत नसे. तालमीत कुणी चुकलं, रडलं, पळून गेलं तरी बाबा म्हणायचे, तालमीत चुकलेलं देव मोजत नाही.

ठराव: आधी चेन्नईत रंगीत तालीम, मग वाडीत खरा खेळ.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तालीम झाली. पहिल्या झटक्यात!

इथल्या लॅबमध्ये टेस्टिंगचा सर्व्हर आहे. सुपरवायझर जेवायला गेला तेवढ्यात त्यावर एक व्हर्च्युअल मशीन केलं, नाव दिलं 'तालीम'. माझं अकाउंट उघडलं. ट्रान्सफर. खरंच करायचं का, विचारलं. हो. परत विचारलं, नक्की का? हो बाबा. हिरवी खूण! लायसन्स वाडीतून उठून चेन्नईत. कुणाचीही मदत नाही.

खुशीत बिर्याणी खाल्ली. मासे इथेही मिळतात, पण त्यांना रस्सा करता येत नाही.

दर्शनाला कळवलं, काम झाल्यातच जमा आहे. तिने विचारलं, जमा म्हणजे? मोबाइल खिशात टाकला. काही गोष्टी तिच्या पुस्तकात नाहीत.

१५ फेब्रुवारी

खरा खेळ करायला बसलो. ट्रान्सफरचं बटन राखाडी. दाबलं तर दाबलं जात नाही. मोबाइल बंद करून चालू केला. रूममधल्या दुसऱ्याच्या मोबाइलवरून बघितलं. तिथेही राखाडी.

वेबसाइट बिघडलीय. परदेशात रविवार आहे.

१६ फेब्रुवारी

परदेशात आज सोमवार आहे. बटन राखाडीच.

लॅबमध्ये गेलो. 'तालीम' नाही. मशीनच नाही! सुपरवायझरला विचारलं. तो तोडक्या हिंदीत म्हणाला, हर शनिवार टेस्टिंग सर्व्हर पूरा साफ, दरवाजे पे लिखा है. दारावर पाटी आहे खरी, तमिळ आणि इंग्रजीत. मी इतके दिवस समजत होतो, चपला बाहेर काढा. आणि काढतही होतो.

दगा. सरळ दगा. माझं मशीन पुसताना एक शब्द विचारला नाही. नाव 'तालीम' होतं, म्हणून काय कुणीही पुसावं?

थोडक्यात: लायसन्स एका मशीनवर आहे आणि ते मशीन जगात नाही.

१९ फेब्रुवारी

परदेशातल्या कंपनीला मेल लिहिला. मराठीत बोललो, मोबाइलने इंग्रजी केलं. सगळं खरं लिहिलं. ही तालीम होती, खरं ट्रान्सफर अजून व्हायचं आहे, तरी तालमीचं मोजू नये. शिमग्याचीही कल्पना दिली.

उत्तर आलं. तुमचं ट्रान्सफर यशस्वी झालं आहे, अभिनंदन.

परत लिहिलं, जरा कडक. परत उत्तर. यशस्वी ट्रान्सफर मागे घेता येत नाही. परत हलवायचं असेल तर ज्या मशीनवर लायसन्स आहे त्याची माहिती त्या मशीनवरूनच पाठवा. किंवा नवं लायसन्स घ्या.

मेलेल्या माणसाने स्वतः येऊन दाखला न्यायचा, तशातली गत. नवं लायसन्स घेणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. चूक त्यांची आणि खर्च माझा?

घरी काय सांगायचं? सांगितलं, परदेशातल्या मेन ऑफिसमध्ये प्रोसेस चालू आहे. हे खोटं नाही.

२० फेब्रुवारी

उत्तम बातमी. सुट्टी मिळाली! सुपरवायझरला सांगितलं, गावचं अख्खं नेटवर्क बंद, माझ्याशिवाय कुणाला येत नाही, इमर्जन्सी. इमर्जन्सी म्हटल्यावर त्याने सही केली. या कंपनीत आईच्या गुडघ्यांना सुट्टी नाही, नेटवर्कला आहे. तिकीटही कन्फर्म.

म्हणजे बघता बघता सगळं माझ्या बाजूने. तिथे जाऊन समोर बसलो की लायसन्सचं काहीतरी निघेलच. समोर बसल्यावर यंत्र ऐकतं. मग आंघोळ, बाबांचा फेटा, पहिला खांदा. वाडी म्हणेल, सागर आला आणि नेटही आलं.

गोंड्यांचे मात्र पाच हजार एकच जमतील. तिकिटाला गेले ना. आबा समजून घेतील.

२२ फेब्रुवारी, रविवार

आबांचा फोन. पालखीत देवीची रूपं, म्हणजे मुखवटे, लागायच्या आधी ती रिकामीच नाचवून बघतात, दांडे हलतात का, पावलं जुळतात का. त्यासाठी माणूस हवा. आबा म्हणाले, तुझ्या जागी विनीतला उभा करू का? तुझ्या तोंडून होकार पायजे, मग देवीला कौल लावतो.

मोठ्या मनाने म्हटलं, करा. तालीमच तर आहे.

आबांनी दोनदा विचारलं, नक्की का? म्हटलं, हो आबा, नक्की.

विनीतला कळवलं, तालमीपुरता उभा राहतोयस, हवा डोक्यात जाऊ देऊ नकोस. त्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

२४ फेब्रुवारी

सकाळी विनीतचा व्हिडिओ आला. रिकामी पालखी नाचवताना. बघून हसू आलं. पावलं चुकतात. डावा खांदा पडतो. बाबा असते तर मृदंगाचा ठेका थांबवून शिवी दिली असती. तीनदा बघितला, चुका लक्षात राहाव्यात म्हणून.

तिसऱ्यांदा बघताना डोक्यात आलं, एवढा मोठा व्हिडिओ वाडीतून बाहेर पडला कसा? केवढा स्वच्छ! मागे आमच्या कोंबड्याचं पीससुद्धा दिसतंय.

दर्शनाला फोन. अंगणातून उचलला, पहिल्या रिंगला. म्हटलं, नेट कसं चालू झालं? म्हणाली, नवीन लायसन्स घेतलं. कुणाच्या नावावर? वाडीच्या मंडळाच्या. कधी? रविवारी, तू आबांशी बोलत होतास तेव्हा मी बाजूलाच सड्यावर बसून तेच करत होते. पैसे? वाडीने काढले, दादा, तुझ्या रेल्वेच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडलं.

म्हटलं, मला सांगायचं तरी. म्हणाली, तुझी परदेशात प्रोसेस चालू होती ना?

पाठीमागून आई हसल्यासारखी वाटली. खोकलीही असेल.

वायफायचं नावही बदललंय, 'खालची वाडी'. नवा पासवर्ड मागितला. म्हणाली, पासवर्ड कुणाला म्हणजे कुणालाच द्यायचा नसतो, पहिला नियम.

सख्खी बहीण. जिला मी सायकल शिकवली. म्हणजे सायकल तिचीच होती, पण धरली मी.

ठराव: या घरात आता कुणावर विश्वास ठेवायचा नाही.

२५ फेब्रुवारी

दगा क्रमांक किती ते मोजणं सोडलं.

जेवणाच्या वेळी व्हिडिओ परत बघत होतो. पावलांसाठीच. सुपरवायझर मागून वाकला. सुपर, म्हणाला, कौनसा गाँव? मी अभिमानाने सांगितलं, मेरा गाँव, रत्नागिरी जिल्हा, अभी का वीडियो है. त्याने आणखी एकदा बघितला. बहुत क्लिअर, म्हणाला. मग म्हणाला, नेटवर्क चालू?

मी काही बोलायच्या आत कोंबडा आरवला. व्हिडिओतला. तोसुद्धा स्वच्छ.

सुट्टी रद्द. इमर्जन्सी नाही म्हणे. ही सुट्टी दर्शनाने घालवली. मेलं नेट आणखी आठवडाभर बंद राहिलं असतं तर कुणाचं काय अडलं होतं? दोन वर्षांपूर्वी सगळे नेटशिवायच जगत होते ना?

२७ फेब्रुवारी

तिकीट रद्द केलं. रेल्वेनेही कापलेच.

आबांना फोन केला. शांतपणे म्हटलं, यंदाही जमत नाही, पण पुढच्या वर्षी नक्की, तेवढा खांदा माझ्या नावावर धरून ठेवा. आबा म्हणाले, कौल झाला रे. देवीच्या पाषाणाला कळ्या लावल्या, उजवी पडली, म्हंजे होकार. मान विनीतवर दिला देवीने.

म्हटलं, आबा, तो तालमीपुरता! तुम्हीच म्हणालात, रिकामी पालखी.

आबा म्हणाले, मी माणूस मागितला तो तालमीला. पण देवीला कौल लावताना तालमीपुरता असं कसं सांगणार? तिच्याशी तालीम करत नाय आपण. खांदा लागला की लागला. तुला दोनदा विचारलं मी, नक्की का.

म्हटलं, मग परत माझ्यावर आणा. कौल परत लावा.

आबांचा आवाज मऊ झाला. ते मला आवडलं नाही. म्हणाले, सागर, एकदा उठलेला मान मागं नाय फिरत. तुझ्या बाबाचा तुझ्यावर आला, तुझा विनीतवर गेला. आता तो देईल तेव्हा. आणि बरं झालं बघ, तो हितं असतो. तू तिकडं कमव, तब्येतीला जप.

कंपनी परदेशातली, देवी गावची. दोघींचा नियम एकच कसा? कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं आहे.

आणि बाबा म्हणायचे, तालमीत चुकलेलं देव मोजत नाही. बाबांनीही...

नको. बाबांचं नाव घेत नाही.

३ मार्च, मंगळवार

पालखी निघाली. बघणार नव्हतो. पण विनीतने स्वतः व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल आमच्या पडवीच्या खांबाला बांधून ठेवला. दादा, तुला सगळं दिसंल, म्हणाला. दगाबाजांना असं गोड बोलता येतं.

दिसलं सगळं. ढोल. गुलाल. आबा पुढे. आणि पहिल्या खांद्याला विनीत, डोक्याला बाबांचा फेटा. आईनेच बांधला. फेट्याची शेवटची गाठ बाबा कानामागे घ्यायचे, तीसुद्धा तिथेच घेतली.

पालखी पहिली आमच्याच अंगणात आली. ते मात्र ठरल्याप्रमाणे. आईने खांदेकऱ्यांच्या पायावर पाणी घातलं, देवीची ओटी भरली, आणि खांबाकडे वळून, म्हणजे माझ्याकडे बघून, पदराने डोळे पुसले. गुलाल गेला असणार. मग जवळ येऊन मोठ्याने विचारलं, जेवलास का रे? ढोल एवढ्या जोरात की मी काय बोललो ते तिला ऐकू गेलं नाही. बरंच झालं. मी काही बोललो नव्हतो.

विनीतची पावलं आज चुकली नाहीत. डावा खांदाही पडला नाही. एखाद्याने मुद्दाम तालमीत वाईट नाचून दाखवावं, हा केवढा कपटीपणा.

अख्खा वेळ मी त्या लायसन्सवर नजर ठेवून होतो. चित्र एकदा तरी अडकेल, चौकोन चौकोन होईल, गोल फिरत बसेल, मग दर्शना धावत येऊन विचारेल, दादा, काय करू? वाट बघत बसलो. पालखी पलीकडच्या आळीत दिसेनाशी झाली तरी रिकामं अंगण स्वच्छ दिसत होतं.

४ मार्च

मंडळाच्या ग्रुपवर आबांच्या नावाने मेसेज. मानकरी घरांनी नेहमीप्रमाणे नारळ द्यावा. बाहेरगावी असणाऱ्या चाकरमान्यांनी ठरलेली तीनशे एकची वर्गणी पाठवावी, त्यात यंदा नेटच्या लायसन्सचा वाटा धरलेला आहे. खाली नावं. माझं नाव नालासोपाऱ्याच्या मंडळींच्या खाली, सगळ्यात शेवटी. शेजारी कंसात चेन्नई.

ठराव: एक पैसा पाठवायचा नाही. या घराने आजवर कधी वर्गणी दिलेली नाही, नारळ दिला आहे. आज कळू दे सगळ्यांना, सागर कोण आहे.

दुपारी दर्शनाचा मेसेज. दादा, सगळ्यांची आली, तुझी तेवढी राहिली. संध्याकाळी मांडावर आबा नावं वाचतील. आई पुढेच बसलेली असते.

गोंड्यांचं पुढच्या वर्षी बघू. पाच हजार एक तेव्हाच देतो, आत्ता दिले तर लोक म्हणतील चिडून दिले.

पाठवतोय: तीनशे एक रुपये.